तांडेलाला झोपवायचं नाही

माझ्या कपाटात, चांगल्या साड्यांच्या मागे, औषधाची एक छोटी बाटली आहे आणि तिच्यात एक हाड आहे. तांबोशी माशाच्या डोक्यातलं. नखाएवढं, एका टोकाला आकड्यासारखं वळलेलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी ते दाखवते. सुना म्हणतात, "आई, पुरे आता, किती वेळा दाखवाल." मी दाखवतेच. लोकांच्या घरी पदकं असतात, भिंतीवर मढवलेली प्रशस्तिपत्रं असतात. माझ्याकडे हाड आहे. मी गर्विष्ठ आहे असं सासरच्या माणसांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी बरोबरच ठरवलं होतं.

ते हाड आमच्या वाडीच्या तांडेलांच्या घशातून निघालं. होडी कधी लोटायची, जाळं कुठे टाकायचं आणि माघारी कधी फिरायचं हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो तांडेल. माझे वडील त्यांच्या होडीवर होते. मी त्यांना काका म्हणायची. काका उंच, सडसडीत आणि बोलण्यात भलते कंजूष. त्यांचा आवाज साऱ्या वाडीला पोटभर ऐकायला मिळे तो वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी दर्याला नारळ देताना गाऱ्हाणं तेच घालत. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. चार माणसांच्या देखत देवाला स्पष्ट सांगायचं, की बाबा रे, हे आम्ही केलं, आता हे तू कर. सांगणारा प्रत्येक वाक्य 'म्हाराजा'वर आणून टेकवतो, आणि ते टेकलं की बाकीच्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं चालू असताना कोणी हलायचं नाही, हा वाडीचा नियम. डोळ्यात वाळू गेली तरी हात वर न्यायचा नाही. लहानपणी एकदा मागे बायकांत उभी असताना माझ्या पायावर खेकडा चढला, आणि मी तो चढू दिला होता.

मुंबईला जाऊन नर्सिंग शिकायचं असं मी जाहीर केलं, तेव्हा वाडीत मोठा गहजब झाला. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार, हगणं-मुतणं काढणार, मग हिला करून कोण घेणार. वडील बिचारे दोन्हीकडून ऐकून घेत होते. शेवटी सगळे काकांकडे गेले. ते जाळं सांधत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "होडयेर तिका जागा नाय. मगे तिका व्हया थंय जावंदेत." एवढंच. होडीवर जागा नाही तर तिला हवं तिथे जाऊ दे, हे वाडीने मानलं आणि त्याच वर्षी मी मुंबईच्या बोटीत बसले. त्या एका वाक्यावर माझा सगळा जन्म उभा आहे, हे मी कधी विसरले नाही.

शिकून आले ती थेट आमच्याच भागात. मालवणहून कट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक लहान धर्मादाय इस्पितळ होतं. आता ते नाही. आमचा जिल्हाही तेव्हा रत्नागिरीच होता, आणि मोठं काही झालं की माणसाला मुंबईला नाहीतर कोल्हापूरला न्यायचं, एवढंच लोकांना ठाऊक. पण आमचे डॉक्टर मुंबईला कान-नाक-घसा शिकून आलेले. घाटावरचे, तरुण, जरासे घाईचे. त्यांनी येताना स्वतःची दुर्बीण आणली होती. दुर्बीण म्हणजे आजच्यासारखी लवचिक नळी नव्हे. हातभर लांबीचा सरळ, ताठ पोलादी पाइप, त्याच्या टोकाला मोहरीएवढा दिवा आणि दिव्याची वायर बॅटरीच्या डब्याला. पावसाळ्यात त्या बॅटऱ्या सर्दायच्या, म्हणून आम्ही त्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून बेताच्या अंतरावर ठेवत असू. मुलांनी गिळलेली बटणं आणि मोठ्यांनी गिळलेले काटे आम्ही त्या पाइपातून काढले. पद्धत ठरलेली. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग घसा बधिर करायचा, माणसाला उताणं निजवून डोकं टेबलाच्या कडेबाहेर घ्यायचं, आणि पाइप आत. पेशंट सुस्त, डॉक्टर खूश. उठल्यावर बऱ्याच जणांना काय झालं ते आठवतही नसे.

काकांना आदल्या वर्षी कावीळ झाली होती. पाला झाला, पथ्य झालं, पण ती धड उतरली नाही. डोळ्यांत पिवळेपणा राहिला, पावलं सुजू लागली, पोट फुगलं. तेव्हा दारूबंदी होती आणि गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लोकांच्या जिभेला काम मिळालं. तांडेल चोरून पितो म्हणाले. ज्या माणसाने होडीवर कोणाच्या तोंडाला वास आला तर त्याला किनाऱ्यावरच सोडून होडी लोटली, त्याच्याबद्दल हे बोलणं. मी डॉक्टरांना घेऊन वाडीत गेले आणि चारचौघांत त्यांच्याकडून वदवून घेतलं की नुसत्या काविळीनेही यकृत कठीण होतं, त्याला दारू लागत नाही. पुढे कोणी माझ्यासमोर तरी तो विषय काढला नाही.

मग आली आषाढी अमावास्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून त्या दिवशी मासा खायचाच. होड्या वर ओढलेल्या, दर्या बंद. पण उघडीप बघून कोणीतरी खाडीच्या तोंडाशी गरी टाकली होती आणि तिला तांबोशी लागली. डोकं अर्थातच तांडेलाच्या घरी गेलं. जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाच्या घशात त्या डोक्यातलं हाड रुतलं. काकांना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. काकीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, आधी भाताचे गोळे गिळायला लावले, मग केळी. त्या गोळ्यांनी हाड आणखी घट्ट बसवलं. मला कळलं तेव्हा काका पेजेच्या पाण्यावर आले होते आणि अंगात ताप होता. "इस्पितळात गेलो तो गेलो" असं वाडीतली म्हातारी माणसं म्हणत. मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही माका जावंदेत म्हटलास. आता मी तुमका चला म्हणतंय." ते उठले. काकीने कपड्यांचं बोचकं घेतलं आणि आम्ही एसटीत बसलो.

डॉक्टरांनी तपासलं. हाड वरच, घशाच्या मुळाशी असावं, कारण काका बोट अचूक तिथेच ठेवत होते. मग त्यांनी पोट चाचपलं, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मला बाहेर पडवीत बोलावलं.

"ह्यांना झोपवायचं नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकून काहीतरी वेगळंच ऐकलं. त्या पाइपाखाली जागा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"गुंगीचं औषध शरीरात जातं, आणि यकृत त्याचा निकाल लावतं. म्हणून माणूस जागा होतो," ते म्हणाले. "ह्यांचं यकृत ते काम करू शकणार नाही. आपण ज्याला थोडं म्हणतो ते ह्यांना फार होईल. मुंबईत शिकताना असाच एक पेशंट मी पाहिलाय. सगळ्यांना देतात तेवढंच औषध दिलं. दुर्बीण उत्तम झाली. तो माणूस उठलाच नाही."

"मग?"

"मग जागेपणी. आणि जागेपणी ते दचकून हलले, तर अन्ननलिका फाटेल. तीही मरणाचीच वाट." बोटीची ये-जा पावसामुळे बंद होती आणि तापातल्या माणसाला एसटीने घाट चढवून नेणं त्यांना पटत नव्हतं. हाड ठेवलं तर आत पू होणार. त्यांनी हे सगळं माझ्यापुढे मांडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करू म्हणाले. मी काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू आसतलंस मां?" मी असेन म्हटलं.

काकी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती, पण तिच्या कानांनी तिला वेगळंच सांगितलं. आजारी माणसाला झोपेचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर नाही म्हणतो, म्हणजे एकतर औषध संपलंय किंवा गरिबासाठी काढायचं नाही. तिने मनाशी ठरवलं, इंजेक्शन नाही तर नाही. पहाटे ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली, बोचक्यातलं जायफळ काढलं, पाट्यावर चांगलं दाट उगाळलं आणि दुधात कालवून चमच्याचमच्याने काकांना पाजलं. रडणाऱ्या पोराला झोप लागावी म्हणून आमच्याकडे घरोघरी जायफळाचा एखादा वळसा देतात. हिने नवऱ्यावरच्या मायेने निम्मं जायफळ संपवलं.

मी सकाळी वॉर्डात आले तर काका हाकेला उशिरा ओ देत होते. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. डॉक्टर धावत आले. त्यांनी काकांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले. यकृताचं विष मेंदूत चढलं की ते पंजे फडफडतात, असं त्यांनी मला शिकवलं होतं. काकांना हात धड धरताच आले नाहीत. मग त्यांनी विचारलं, आज तारीख काय, वार कोणता. काका नुसतेच बघत राहिले.

"तारीख त्यांना धडधाकट असतानाही ठाऊक नसते," मी म्हटलं. "मी विचारते." मी वाकून विचारलं, "काका, आज भरती कधी?"

आमच्या वाडीत हा प्रश्न तांडेलाला झोपेतून उठवून विचारला तरी उत्तर तयार असतं. तिथीवर सगळा हिशेब. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भरती सांजेची. काका हळूच म्हणाले, "भर दुपारची. नारळ घेवन चला." त्यांच्या डोक्यात पौर्णिमा होती. पंजे बघून मी घाबरले नव्हते, पण तांडेलाने भरती चुकवली तेव्हा घाबरले.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनी आशा सोडायला सुरुवात केली आहे. यकृतामुळे गुंगी आली असेल, तर दुर्बीण दूरच, पुढे काहीच करण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात काकी समाधानाने म्हणाली, "बरा झाला, वाईच डोळो लागलो तेंचो. आता तुमी काय ता करा." तिच्या आवाजात मला काहीतरी खटकलं. मी काकांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि विचारलं, "काकी, तुया तेंका काय दिलंस?"

तिने सरळ सांगितलं. लपवण्यासारखं काही केलं असं तिला वाटतच नव्हतं.

माझा राग वाडीभर प्रसिद्ध आहे. त्या सकाळी मी काकीला जे बोलले ते शेजारच्या वॉर्डातल्या बाळंतिणींनीही ऐकलं. डॉक्टरांनीच मला गप्प केलं. ते म्हणाले, "सिस्टर, ओरडू नका. ही आज मिळालेली सगळ्यात चांगली बातमी आहे. जायफळ असेल तर उतरेल." आणि मग काकीसमोर उकिडवे बसून त्यांनी तिला समजावलं, की ह्यांना झोप द्यायची नाही कारण झोप उतरवणारं जे आत असतं तेच आजारी आहे. काकीने पदर तोंडाला लावला. त्यानंतर दिवसभर ती काकांच्या उशाशी बसून त्यांना चिमटे काढत होती, पेंगले की गालावर थापट्या मारत होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याला हात लावायची एवढी संधी तिला कधी मिळाली नसावी. मीही येता-जाता तोच प्रश्न विचारत होते. दुपारभर भरती दुपारचीच राहिली. उन्हं कलली तेव्हा काकांनी डोळे नीट उघडले, माझ्याकडे वैतागून पाहिलं आणि म्हणाले, "अष्टमी आसा. भरती सांजेक. किती वेळा विचारतंस गो?"

मी पडवीत जाऊन रडले. आनंदाने रडले, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. चुलीजवळच्या बॅटऱ्या आणून दिवा पेटवून पाहिला. डॉक्टरांनी घसा बधिर करणारं औषध कापसाने आत लावलं, फवारलं, आणि काकांना टेबलावर घेतलं. आमचे कंपाउंडर, मालवणचेच, काकांचं डोकं दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी उजव्या बाजूला, काकांचा हात माझ्या हातात. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, "सतत बोलत राहा. त्यांना बोलता येणार नाही, उत्तर हाताने मागा. उत्तर आलं नाही तर ताबडतोब मला सांगा." ट्रेमध्ये, कपड्याखाली, गुंगीच्या औषधाची भरलेली सिरिंज होती. अगदीच वेळ आली तर, असं म्हणून त्यांनी ती भरली होती. आम्ही दोघंही तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

पहिल्या खेपेला पाइप जिभेच्या मुळाशी गेला मात्र, आणि काकांचं सगळं अंग ताठ होऊन वर आलं. डॉक्टरांनी पाइप चटकन बाहेर घेतला. काका खोकले, थुंकले, परत निजले. दुसऱ्या खेपेला तसंच. मी आपली विचारत होते, काका बरं वाटतंय ना, काका घाबरू नका. असल्या बोलण्याचा कोणाला काय आधार वाटणार. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. ते थांबले आणि ट्रेवरचा कपडा त्यांनी बाजूला केला.

"अगदी थोडं देऊ या," ते म्हणाले. "दुसरा इलाज नाही."

काकांनी ती सिरिंज पाहिली. मान हलवायची सोय नव्हती, कंपाउंडरांनी डोकं धरलेलं. त्यांनी माझ्याकडे फक्त डोळे वळवले. मी त्या डोळ्यांत कधी भीती पाहिली नव्हती. वाऱ्यात, वादळात, होडी आपटताना हा माणूस कसा उभा असतो हे मी वडिलांकडून ऐकलेलं. आणि मला एकदम आठवलं की हा माणूस हलत नाही. वर्षातून एकदा तरी, कितीही वारा असो, लाटेचं पाणी कमरेला लागो, हा अजिबात हलत नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, "एकदा थांबा. आणखी एकदाच." आणि काकांच्या कानाशी तोंड नेलं. बाईने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या वाडीत कोणी ऐकलं नव्हतं. पण मी ते जन्मल्यापासून ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या म्हाराजा," मी सुरू केलं, त्यांच्याच चालीत, त्यांच्याच संथपणाने. "आज ही तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी आसत, म्हाराजा."

माझ्या हातातला हात घट्ट झाला आणि सुटला. व्हय म्हाराजा.

डॉक्टरांनी पाइप आत घेतला. काकांचं अंग हललं नाही.

"तुझ्या दर्याचो राखणदार आज हय आडवो पडलो आसा, म्हाराजा." हात दाबला गेला. "तेच्या गळ्यात जा काय अडाकला आसा, ता सुखान भायर काढ, म्हाराजा." हात दाबला गेला. "ह्या डाक्टराच्या हाताक यश दी, आणि बॅटरयेक वाईच जीव दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कंपाउंडर मोठ्याने म्हणाले. डोकं हातात धरलेलं, डॉक्टर पाइपाला डोळा लावून, आणि ह्या गृहस्थांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. डॉक्टरांनी डोळा न हलवता "शू" केलं. पण त्याच वेळी काकांचा हातही दाबला गेला होता, दोघांचं एकदमच.

"दिसलं," डॉक्टर म्हणाले. "आडवं बसलंय. चिमटा द्या." मी डाव्या हाताने लांब चिमटा दिला आणि बोलणं सोडलं नाही. पण चिमटा देण्याच्या गडबडीत माझं लक्ष जरा फाटलं. मी म्हटलं, "घराक परत जावन ह्येंका नारळ दिवचो आसा..." आणि थांबले.

हात आला नाही.

मी वाट पाहिली. काहीच नाही. हातातला हात नुसताच पडलेला. डॉक्टरांनी चिमट्यात हाड धरलं होतं, त्यांना तोंड उघडून सांगायचं तर ते दचकणार. माझ्या डोक्यात जायफळ, मुंबईचा न उठलेला माणूस, वाडीतल्या म्हाताऱ्यांचं "गेलो तो गेलो", सगळं एकाच वेळी. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे, कडांतून पाणी कानाकडे वाहत होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. रागाने बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी वाक्य टेकवलंच नव्हतं. गाऱ्हाणं अर्धवट सोडून त्याला व्हय म्हणायचं कसं?

"म्हाराजा," मी म्हटलं.

हात एवढ्या जोराने दाबला गेला की माझी बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत होती. डॉक्टरांनी पाइप आणि चिमटा एकत्र बाहेर काढला आणि ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला. रक्त थोडंच आलं. ती सिरिंज मी माझ्या हाताने मोरीत रिकामी केली.

नंतर मी अनेक ठिकाणी काम केलं, पुष्कळ दुर्बिणी पाहिल्या. आता यकृताच्या पेशंटला कोणतं औषध किती बेताने द्यायचं, झोपेत त्याच्याकडे लक्ष कसं ठेवायचं, ह्याचं मोठं शास्त्र झालंय, यंत्रं आहेत. चांगलं आहे. पण मी ते काम गाऱ्हाण्यावर केलंय, आणि मी ते चांगलं केलंय. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. त्यांनी हाड धुऊन बाटलीत घातलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमचं," म्हणाले.

काकांचा घसा मात्र सोलून निघाला होता. ताप उतरला, पेज, मग मऊ भात जाऊ लागला, पण आवाज परत येईना. घरी गेले आणि पौर्णिमा आली. वाडीत विचार सुरू झाला की ह्या वर्षी गाऱ्हाणं कोणी घालायचं. काकांनी बोटाने स्वतःच्या छातीकडे दाखवलं आणि प्रश्न मिटला.

मी त्या दिवशी रजा घेऊन गेले होते. भर दुपारची भरती, वारा दक्षिणेकडून, लाटा पार वर ओढलेल्या होड्यांपर्यंत. काका पुढे पाण्यात उभे, हातात नारळ, मागे सगळे पुरुष, त्यांच्याही मागे आम्ही बायका. काकांनी तोंड उघडलं आणि कोणालाही काही ऐकू आलं नाही. नुसती कुजबुज. दर्याने ती तिथल्या तिथे गिळली. पुरुष एकमेकांकडे न बघता उभे होते, कारण हलायचं नाही. पण व्हय कधी म्हणायचं ते कोणालाच कळेना. पहिलं वाक्य उत्तराविना गेलं असावं. काकांची पाठ ताठ होती, पण मला ती पाठ एकटी वाटली.

मला शब्द ऐकू येत नव्हते. ते यायची गरजही नव्हती. तो संथपणा माझ्या हाताला पाठ झाला होता. काकांचे खांदे श्वासाबरोबर जरा वर आले, वाक्य पुढे गेलं, पुढे गेलं आणि टेकलं. मी बायकांच्या रांगेतून, छातीतला सगळा दम काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पुढच्या वेळी काकी माझ्याबरोबर म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी सगळ्या बायका, आणि मग पुरुष. शेवटपर्यंत आम्ही एकही वाक्य चुकू दिलं नाही. बाईने आधी तोंड उघडलं म्हणून नंतर कोणी कुरकुरलं नाही. तांडेलच काही बोलले नव्हते, तर बाकीच्यांची काय प्राज्ञा.

नारळ पाण्यात गेला. काका तसेच उभे राहिले, वळून त्यांनी पाहिलं नाही. फक्त बाजूला सोडलेला त्यांचा उजवा हात एकदा घट्ट मिटला आणि सुटला.